फाटकाबाहेरचं पाऊल

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमचा टिप्या गावठी आहे, ४ वर्षांचा, १४ किलोचा. गौरी जेवल्या त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी त्याला घेऊन तळ्याकडं निघाले होते. कोपऱ्यावर एका कुत्रीमागं पाच-सहा कुत्री जमली होती, त्यातली तिघं अंगावर धावून आली. टिप्याच्या मानेवर आणि मागच्या मांडीवर चावे बसले. दवाखान्यात जखमा धुतल्या, मांडीत नळी ठेवली, आठवडाभर इंजेक्शनं झाली. आता जखमा भरल्यात. पण महिना झाला, टिप्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. साखळी वाजली की पलंगाखाली जातो. लांब कुठं कुत्रं भुंकलं तरी थरथरतो. आमचे मिस्टर म्हणतात, 'ओढून ने, चार दिवसांत भीती मोडेल. कुत्रं म्हणजे वाघ पाहिजे.' सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मुलगा पुण्याहून सांगतो, जोडीला दुसरं कुत्रं आणा. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : ताई, तिघांत सगळ्यात निरुपद्रवी सल्ला सासूबाईंचा आहे. मीठ-मोहरी ओवाळू द्या खुशाल. फक्त निखाऱ्यावर मिरच्या टाकणार असतील तर टिप्याला आधी परसात सोडा. आपल्याला नुसता ठसका लागतो, त्याच्या नाकाचे हाल होतात. मुलाचा सल्ला वर्षभर बाजूला ठेवा. घाबरलेल्या कुत्र्याच्या घरात नवं कुत्रं आणलं तर टिप्याची राहिलेली एकमेव सुरक्षित जागाही जाते. शिवाय नवं पिल्लू जुन्याकडं बघून शिकतं. मग पलंगाखाली दोघं.

मिस्टरांच्या सल्ल्यावर सविस्तर लिहिते, कारण तो मी स्वतः पाळून बघितलाय. पण त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही.

रेबीजची लस. टिप्याच्या कार्डावर चाव्यानंतरची तारीख आहे का बघा. दरवर्षीची लस चालू असली तरी चाव्यानंतर पुन्हा टोचावी लागते, आणि आधी लस झालीच नसेल तर पूर्ण कोर्स. 'इंजेक्शनं झाली' म्हणजे बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि दुखण्याची, म्हणून विचारतेय. दुसरं, त्या पहाटे तुम्ही त्याला उचललं असणार, लाळेनं भिजलेली मान चाचपली असणार. हाताला खरचटलेलं असेल, बोटाला भाजी चिरताना कापलेलं असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन हे सगळं सांगा. माणसांची रेबीजची लस तिथं मोफत मिळते. चावून दहा दिवस उलटल्यावरही चावणारं कुत्रं ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, हा नियम खरा आहे. पण पहाटेच्या अंधारात सहांतली नेमकी कुठली तीन, हे तुम्ही तरी छातीठोक सांगू शकाल का? महिना झाला म्हणून आता काय जायचं, असं करू नका. हा रोग महिनोन्‌महिने दबून राहू शकतो.

आता मानेकडं. कुत्र्याचा चावा वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, आत मात्र सुळा कातडी आणि मांस वेगळं करत गेलेला असतो. म्हणून तर तुमच्या डॉक्टरांनी शिवून न टाकता नळी ठेवली, ते योग्य केलं. बाहेरून केस आले तरी आत गाठ राहते, स्नायू आखडलेला राहतो. टिप्या आरामात पडलेला असताना पाठीपासून सुरुवात करून मानेपर्यंत हलक्या हातानं या. एका ठिकाणी कातडी थरारली, किंवा त्यानं जीभ बाहेर काढून नाक चाटलं, की थांबा. तिथं दुखतंय. वरून हात आला की मान चोरतो का, पाण्याचं भांडं खाली असलं की अवघडतो का, हेही बघा. असं काही असेल तर आधी पुन्हा दवाखाना. दुखणाऱ्या मानेत पट्टा घालून आपण त्याला धीर शिकवायला निघालो, तर तो बिचारा काय शिकणार? आपली डोकेदुखीची गोळी मात्र देऊ नका. माणसाच्या साध्या वेदनाशामक गोळीनं कुत्र्याचं पोट आणि किडनी खराब झालेली मी किती तरी वेळा पाहिलीय.

मानेवर चावा होता म्हणून यापुढं गळपट्टाही नको. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, पोटाखालून दोन बोटं जातील इतका घट्ट. आणि ती लोखंडी साखळी देऊन टाका. हल्ला झाला तेव्हा तीच वाजत होती. त्याच्या डोक्यात खळखळ आणि दात एकाच पुड्यात बांधले गेलेत. कापडी पट्टा आणा. तो आधी चार-पाच दिवस नुसता जेवणाच्या ताटलीशेजारी पडू द्या.

आता मिस्टर. मी गुरांच्या दवाखान्यात उभा जन्म काढला. घरी मोती नावाचा कुत्रा होता. साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाच्या वाटेवर एका मोठ्या कुत्र्यानं त्याला धरला, कान फाटला. जखम भरल्यावर मोती त्या वाटेला जाईना. मी डॉक्टर, मला शहाणपण जास्त. सलग चार दिवस त्याला त्याच वळणावर ओढत नेलं. चौथ्या दिवशी तो गप्प चालला. मान खाली, शेपूट पोटाला, पण चालला. घरी येऊन मी जाहीर केलं की भीती मोडली. पाचव्या दिवशी लांबून एक स्कूटर फट्‌ करून वाजली आणि मोतीनं मागं जोर देऊन गळपट्ट्यातून डोकं काढलं. माझ्या हातात रिकामा पट्टा. दिवसभर शोधला. संध्याकाळी सदर बझारात एका बंद दुकानाच्या पायरीखाली सापडला, पंजे रक्ताळलेले. त्यानंतर त्याला पुन्हा त्या वळणापर्यंत न्यायला सात महिने लागले. चौथ्या दिवशी तो गप्प होता ते धीरानं नव्हे. आपलं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर जनावर गोठतं, आणि गोठलेलं जनावर शहाणं वाटतं. आपल्याकडं माणसांच्या बाबतीतही ही चूक होते, पण तो या सदराचा विषय नाही.

'कुत्रं म्हणजे वाघ' हे मात्र मी साताऱ्यात ऐकलं नसतं तरच नवल. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान होता, असं सांगतात. मिस्टरांना म्हणावं, तीनशे वर्षांत पालखी एकाच कुत्र्याला मिळाली. टिप्याला सकाळी खांब हुंगत शांतपणे फिरून येता आलं तरी आपण जिंकलो.

तर करायचं काय? औषधाचं नाव अंतर. आणि त्याचा डोस तुम्ही नाही, टिप्या ठरवणार.

उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. तुम्ही शाकाहारी असाल तर पनीर. हे बाकी कधीच द्यायचं नाही, फक्त या कामाला. घरात कुणी प्रसादाचे बेदाणे पुढं करेल, त्याला आवरा. तासगावचे असोत नाहीतर कुठले, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विष आहेत. कंदी पेढाही नको, त्याचं दुःख कितीही मोठं असलं तरी.

पहिले काही दिवस फाटकाच्या आतच. तुम्ही पायरीवर बसा, त्याच्याकडं पाठ करून किंवा तिरक्या. बोलवायचं नाही, चुचकारायचं नाही. फाटकाची कडी वाजवा, मग अंडं. कडी, मग अंडं. पाच मिनिटं, बस. दुसऱ्या दिवशी कडी काढून फाटक वीतभर उघडा, अंडं टाका, बंद करा. तो स्वतः होऊन नाक बाहेर काढेल तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. पण त्याच दिवशी 'आलाच आहे तर जरा पुढं' हा मोह नको. तो आत वळला की आत. फाटकाबाहेर गेलं तरी कधीही परत येता येतं, हे त्याला कळणं हाच त्या दिवसाचा धडा.

वेळ बदला. भटकी कुत्री पहाटे आणि दिवेलागणीला फिरतात, दुपारी गाडीखाली झोपतात. सकाळी दहा-अकराला निघा. ऑक्टोबरचं ऊन आहे, डांबरावर हाताची पाठ टेकवून बघा. तुम्हाला पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजालाही नको. आणि तो कोपरा सध्या नकाशातून पुसून टाका. सरळ उलट्या बाजूला जा. शक्य असेल तर गाडीतून एखाद्या मोकळ्या मैदानाच्या कडेला नेऊन काचेआडून जग दाखवा.

मग कुत्री. इथं माप म्हणून विजेचे खांब वापरा. लांब, तीन खांबांपलीकडं एखादं कुत्रं दिसलं. टिप्यानं बघितलं. मग, आणि मगच, अंडं. ते कुत्रं दिसेनासं झालं की अंडं बंद. हा क्रम उलटा झाला तर सगळं फिसकटतं. आधी अंडं काढलं आणि मग कुत्रं आलं, असं चार वेळा झालं की टिप्या अंडं बघूनच घाबरायला लागेल. कारण त्याच्या हिशेबी अंडं म्हणजे कुत्रं आल्याची वर्दी.

अंतर बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? बोटांनी. एरवी टिप्या तुमच्या हातातून तुकडा कसा घेतो, ओठांनी, अलगद? कुत्रं दिसल्यावरही तसाच घेतला तर अंतर ठीक. हिसकावून घेतला, दात बोटाला लागले, तर आपण अगदी काठावर आलोय, दहा पावलं मागं. घेतलाच नाही, तोंडासमोरचं अंडं त्याला दिसतच नाही, तर फार जवळ आलोय, वळा आणि निघा. शेपूट सगळ्यांना दिसते हो, पण माझा भरवसा तोंडावर. याशिवाय झोप नसताना जांभई, कोरडं अंग ओल्यासारखं झटकणं, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसणं, या त्याच्या तक्रारी समजा. गुरगुरला तर अजिबात रागवू नका. गुरगुरणं ही घंटा आहे. ती काढून टाकली तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

आणि हो, तो थरथरत जवळ आला तर घ्या जवळ. 'लाड केले की भीती वाढते' हे खोटं आहे. भीती ही खोडी नाही, बक्षिसानं वाढायला. फक्त आपण 'अरे देवा, आलं बघ कुत्रं' म्हणून पट्टा आवळायचा नाही. तुमच्या मुठीत काय चाललंय ते त्याला छातीवर कळतं. त्या पहाटे भीती तुम्हालाही बसलीय, ताई. तीही मोजा. पहिले काही दिवस सोबत कुणाला तरी न्या.

हे 'आधी दिसणं, मग खाऊ' माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पावलोव्हचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. पण मला जास्त आवडते ती मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये तिनं पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, १९२४ साली ते छापून आलं. पोरगं खाताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, त्याची हरकत नसेल इतकाच. शेवटी पीटरनं सशाला कुरवाळलं. पण मधली हकीकत कुणी सांगत नाही. खाण्याची युक्ती सुरू व्हायच्या आधी बाकीच्या मुलांबरोबर खेळत-खेळत पीटर बराच सुधारला होता. मग आजारी पडून दोन महिने दवाखान्यात राहिला. घरी जायला दारात गाडीत बसताना एक मोठं कुत्रं धावत येऊन त्याच्या आणि नर्सच्या अंगावर उडालं. सगळी भीती परत पहिल्या जागी! तिथून पुढं खाण्याची वाट धरली आणि तो बरा झाला.

तुमच्याकडंही असं कुत्रं येईल. दोन महिने छान जातील आणि एखादं मोकळं सुटलेलं लाडकं लॅब्रेडॉर 'काही करत नाही हो तो' म्हणणाऱ्या मालकाच्या पुढं धावत येईल. टिप्या दोन पायऱ्या खाली जाईल. तेव्हा पुन्हा फाटकापासून. दुसऱ्या खेपेला फाटक लवकर उघडतं, हे मी मोतीकडून शिकले.

तोवर ओळखीतली एखादी थोराड, शांत कुत्री शोधून ठेवा. नर नको, पिल्लू तर नकोच. तिच्या मालकाला मैदानाच्या एका कडेनं चालू द्या, तुम्ही दुसऱ्या कडेनं, दोघं एकाच दिशेनं. समोरासमोर आणू नका, कुत्र्यांत ते भांडणाचं आमंत्रण असतं. आठवडाभर असं चालल्यावर ती पुढं आणि टिप्या मागून, तिचा वास घेत. भेटले नाहीत तरी चालेल. माझ्या मोतीनं अशाच एका म्हाताऱ्या कुत्रीच्या मागं मान वर करून चालायला सुरुवात केली. तिला एक डोळा नव्हता आणि जगाची पर्वाही नव्हती.

दिवाळी तोंडावर आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत काही शिकवू नका, या दिवसांत कमावलेलं टिकत नाही. फिरणं दुपारीच उरका, अंधार पडायच्या आत खिडक्या लावून, पंखा आणि रेडिओ लावून आतल्या खोलीत त्याची जागा करा. गळ्यात तुमचा नंबर लिहिलेली चकती असू द्या. नुसती सैल दोरीत चालेल. आणि कुणी 'फटाक्यांसाठी गुंगीची गोळी आहे' म्हटलं तर कुठली, ते विचारा. जुन्या गुंगीच्या गोळ्या आम्हीही वाटल्यात. त्यांनी अंग लुळं पडतं, भीती आत तशीच राहते, फक्त जनावराला पळता येत नाही. आता भीतीवरच काम करणारी औषधं आहेत. दिवाळीनंतरही टिप्या घरात नीट जेवत-झोपत नसेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. रोजच्या काही गोळ्यांचा गुण यायला महिना-दीड महिना लागतो, आठवड्यात बंद करू नका.

अंगावर आलेल्या त्या तीन कुत्र्यांचंही एक सांगते. भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल आपल्या भाषेनं जे सांगून ठेवलंय तेच तिथं घडलं. माजावर आलेली कुत्री, भोवती नर, मध्ये तुम्ही परक्या नराला घेऊन आलात. एरवी तीच कुत्री पोह्याच्या गाडीशी शेपटी हलवत बसलेली असतील. २०२३च्या नियमांप्रमाणं त्यांना पकडून लांब सोडून देता येत नाही. नसबंदी आणि लस करून त्याच जागी परत सोडतात, कानाची खाच ही त्याची खूण. गल्लीतल्या लोकांनी मिळून नगरपालिकेकडं तसा अर्ज करा, त्या कुत्रीसाठी आधी. पुढच्या भाद्रपदात कोपरा रिकामा दिसेल. तुमच्या टिप्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, हेही कळवा.

प्रश्न : मी रोज पहाटे आमच्या पग कुत्र्याला घेऊन फिरतो. मोकाट कुत्र्यांसाठी काठी न्यावी का? की दगड?
— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सर, दगडासाठी नुसतं वाकलं तरी आपल्याकडची कुत्री मागं सरतात, हे त्यांना शिकवावं लागलेलं नाही. पण खरा दगड मारलात तर उद्या ती तुम्हाला ओळखून ठेवतील. काठी उगारली की कधी कधी भांडण वाढतं. मी छत्री सुचवेन, बटणाची. कुत्रं अंगावर आलं की आपल्या कुत्र्याला पायामागं घ्यायचं आणि त्याच्या तोंडासमोर छत्री फाडकन उघडायची. समोर अचानक भिंत उभी राहिली की बहुतेक कुत्री थबकतात. पळू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, तिरके होत हळू मागं या. झोंबाझोंबी झालीच तर मध्ये हात घालू नका, पहिला चावा तुमच्या हाताला बसेल. पाणी मारा, कुणाच्या दारातलं पायपुसणं दोघांच्या मध्ये टाका. पगला घाईघाईनं डोक्यावर धरलंत तर समोरचं कुत्रं उडी मारून तुम्हालाच धरेल. गाडीच्या टपावर किंवा कंपाउंडच्या आत टाकता आलं तर उत्तम.

छत्री मात्र आधी आठ दिवस घरातच उघडून दाखवा, सुरुवातीला लांबून आणि हळूच, प्रत्येक वेळी एक तुकडा देऊन. नाहीतर ऐन वेळी तुमचा पगच सगळ्यांच्या आधी पळेल.